तणातली भाजी : ओळखा, पारखा, मगच खुडा



मृगाचा पाऊस होऊन आठ-दहा दिवस झाले, की बांधावर, पडीक जमिनीत आणि पेरलेल्या रानातही हिरवे कोंभ दिसू लागतात. टाकळा, कुर्डू, तांदुळजा, घोळ ही नावे आम्ही विद्यार्थ्यांना तणांच्या प्रकरणात शिकवतो. हीच झाडे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या भाजी म्हणून शिजत आली आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. खरीप पिकांत पहिले ३० ते ४५ दिवस तण व पीक यांची स्पर्धा सर्वांत तीव्र असते, म्हणून या काळात रान स्वच्छ ठेवावेच लागते. याच काळात ही तणे कोवळी व खाण्यास योग्य असतात. म्हणजे वेळेवर केलेली खुरपणी पीकही वाचवते आणि भाजीही देते.

मात्र अलीकडे दोन अडचणी निर्माण झाल्या आहेत. ओळख असणारी जुनी माणसे कमी होत आहेत आणि तणनाशकांचा वापर वाढला आहे. त्यामुळे रानभाजी खुडण्यापूर्वी पुढील बाबी लक्षात घ्याव्यात.

ओळखीचे चार नियम

१) केवळ पानाच्या आकारावरून झाड ठरवू नये. पानांची मांडणी, खोड, वास, चीक आणि मुळाचा प्रकार अशा किमान तीन खुणा जुळल्या पाहिजेत.
२) स्थानिक नावावर विसंबू नये. एकाच नावाने दोन जिल्ह्यांत दोन वेगळी झाडे ओळखली जातात.
३) पहिल्या वर्षी जाणकार व्यक्तीबरोबर जाऊन झाड प्रत्यक्ष पाहावे. तेच झाड फुलावर व शेंगेवर आल्यावर पुन्हा पाहून ठेवावे. फुलावरची ओळख सर्वांत खात्रीची असते.
४) शंका आली की ते झाड सोडून द्यावे.

नेहमीच्या भाज्या आणि त्यांच्यासारखी दिसणारी झाडे

टाकळा (तरोटा) : पहिल्या पावसानंतर दाट उगवतो. संयुक्त पानात पर्णिकांच्या साधारण तीन जोड्या असतात. पर्णिका देठाकडे निमुळती व टोकाकडे रुंद, गोलसर असते. पान चुरगळल्यास उग्र वास येतो. फुले पिवळी व शेंगा लांब, बारीक असतात. रोप चार-सहा बोटे उंचीचे असतानाच शेंडे खुडावेत.

याच कुळातील कासविंदा टाकळ्याच्या जोडीनेच वाढतो. त्याच्या पानात पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या असतात व प्रत्येक पर्णिकेचे टोक अणकुचीदार असते. कासविंद्याच्या शेंगा व बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना होणाऱ्या एका जीवघेण्या आजारात यकृत, स्नायू व मेंदूवर परिणाम होत असे. त्याचा संबंध या बिया खाण्याशी असल्याचे वैद्यकीय संशोधकांनी २००७ च्या सुमारास दाखवून दिले. घराजवळची कासविंद्याची झाडे शेंगा धरण्यापूर्वीच उपटून टाकावीत.

कुर्डू : पाने लांबट, भाल्याच्या आकाराची व खोडावर एकाआड एक असतात. पुढे रुपेरी-गुलाबी तुरा येतो. तुरा येण्यापूर्वीची कोवळी पानेच घ्यावीत. आघाड्याची पाने समोरासमोर असतात, या खुणेने दोन्ही सहज वेगळे करता येतात.

घोळ : जमिनीसरसा पसरणारा, मांसल व तांबूस खोडाचा. काडी मोडल्यास पाण्यासारखा रस निघतो. तशाच पसरणाऱ्या दुधी-नायटी या तणांची काडी मोडली, की पांढरा चीक येतो. चीक दिसला की ते झाड भाजीत घेऊ नये. ही कसोटी घरातील लहान मुलांनाही शिकवावी.

तांदुळजा व काटेमाठ : लोह, कॅल्शियम व जीवनसत्त्व ‘अ’ मिळवून देणाऱ्या या भाज्या आहेत. काटेमाठाच्या पानांच्या बेचक्यात काटे असतात, म्हणून त्याचे कोवळे शेंडेच घेतात. उकिरड्याजवळ किंवा युरियाची मात्रा नुकतीच दिलेल्या रानात माठवर्गीय झाडांच्या पानांत नायट्रेट साठते. अशा ठिकाणची भाजी टाळावी. उकिरड्यावरच धोतऱ्याची रोपेही उगवतात. धोतऱ्याचे पान मोठे, वेड्यावाकड्या कडांचे असून चुरगळल्यास घाण वास येतो. भाजीची जुडी निवडताना प्रत्येक काडी पाहावी. मूठभर तांदुळज्यात धोतऱ्याची चार पाने आली तरी घात होऊ शकतो.

फोडशी (कुळू) : कोकण व सह्याद्रीच्या पट्ट्यात मिळणारी ही भाजी गवतासारख्या लांब पात्यांची असते. पाती थेट जमिनीतून निघतात व खाली मांसल मुळांचा झुबका असतो. उपटल्यावर कांद्यासारखा गड्डा दिसला, तर ती फोडशी नव्हे. तो रानकांदा असू शकतो व तो हृदयावर परिणाम करणारा विषारी कंद आहे. पानाचे टोक ताणाप्रमाणे वळलेले असेल तर ती कळलावी होय. कळलावीचे सर्व भाग, विशेषतः कंद, अत्यंत विषारी आहेत.

शेवळा : पहिल्या पावसात पानांआधी येणारा हा कोंभ सुरणाच्या वर्गातला आहे. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते घशाला टोचतात म्हणून खाज सुटते. हे स्फटिक पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे नुसते उकळून भागत नाही. हाताला तेल लावून शेवळे चिरावेत, आतील पिवळा भाग काढून टाकावा आणि काकडाची आंबट फळे, चिंच किंवा आमसूल घालून भरपूर शिजवावेत. ज्यांच्या घरी ही रीत नाही, त्यांनी ती माहीतगार गृहिणीकडून प्रत्यक्ष पाहून शिकावी.

रानातील अनोळखी कंद आणि अळंबी यांचा प्रयोग मात्र कोणीही करू नये. चांदीचे नाणे किंवा लसूण काळा पडतो का, किडे खातात का, अशा अळंबीच्या घरगुती परीक्षा पूर्णपणे फसव्या आहेत.

तणनाशकाची खबरदारी

हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. तणनाशक फवारल्यानंतर तण लगेच वाळत नाही. ग्लायफोसेटचा परिणाम दिसण्यास आठवडा किंवा अधिक काळ लागतो. सोयाबीनमध्ये पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी वापरल्या जाणाऱ्या इमॅझेथापायरने तणाची वाढ थांबते, पण पाने काही दिवस हिरवीच राहतात. म्हणजे पाहणाऱ्याला ताजा कुर्डू व तांदुळजा दिसतो आणि प्रत्यक्षात त्यावर औषध असते.

डब्यावर लिहिलेला प्रतीक्षा कालावधी पिकासाठी ठरवलेला असतो, तणासाठी नव्हे. त्यामुळे इतक्या दिवसांनी रानभाजी चालेल, असा हिशेब करताच येत नाही. फवारलेल्या रानातील भाजी त्या हंगामात खाऊ नये. धुऊनही औषध निघत नाही, कारण आंतरप्रवाही तणनाशक पानाच्या आत शिरलेले असते.

येथे मालकाची जबाबदारी मोठी आहे. आपण काय फवारले हे आपल्याला ठाऊक असते, पण निंदणीला आलेल्या बाईला ठाऊक नसते. ती सायंकाळी ओटीत भाजी घेऊन घरी जाते आणि तिच्या घरची मुले ती खातात. म्हणून,

- फवारणीनंतर बांधावर काठीला पांढरे फडके बांधावे व त्याचा अर्थ वाडीवस्तीवर सांगावा.
- मजुरांना व गुराख्यांना तोंडी सूचना द्यावी.
- शक्य असल्यास वाऱ्याच्या वरच्या बाजूस एखादा गुंठा किंवा बांधालगतचा पट्टा फवारणीविना राखावा. तेथील तण हाताने काढावे व भाजीही तेथूनच घ्यावी.
- वारा असताना फवारणी करू नये. शेजाऱ्याच्या बांधावरील भाजीही त्याने दूषित होते.

रस्त्याच्या कडेची, सांडपाण्याच्या नाल्यावरची व कारखान्यालगतची भाजीही घेऊ नये.

खुडताना व शिजवताना

फोडशीची पाती कापून घ्यावीत, मुळांचा झुबका उपटू नये. शेवळ्याचे सर्व कोंभ न काढता काही राखावेत, म्हणजे पुढील वर्षी भाजी मिळेल. पेरलेल्या रानातले तण मात्र बी धरण्यापूर्वी समूळ काढावे. भारंगीसारखी कडू पाने उकळून पाणी टाकून द्यावे. घोळ व तांदुळजा यांना त्याची गरज नाही, उलट जीवनसत्त्वे वाया जातात. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी घोळ व माठवर्गीय भाज्या बेतानेच खाव्यात. नवीन भाजी प्रथम थोडीच करावी.

विषबाधा झाल्यास

तोंडाला कोरड, बरळणे, सतत उलट्या-जुलाब, घशाला सूज अशी लक्षणे दिसल्यास वेळ दवडू नये. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि खाल्लेल्या झाडाची फांदी, शिल्लक भाजी सोबत न्यावी. त्यावरून डॉक्टरांना उपचार ठरवणे सोपे जाते.

बंधू-भगिनींनो, रानभाजी फुकट मिळते, पण तिचे ज्ञान फुकट मिळत नाही. ते घरातील आजीकडे, निंदणीच्या बाईकडे, डोंगरावरच्या आदिवासी बांधवांकडे आहे. या पावसाळ्यात मुलांना घेऊन एक दिवस त्यांच्याबरोबर बांधावर फिरा. पाने-फुले जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि त्यावर गावातले नाव, महिना व जागा लिहून ठेवा. ओळख पटत नसल्यास तो नमुना जवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. खात्री झाल्यावरच ती भाजी ताटात वाढा.