घुमणाऱ्या सुराच्या शोधात : पूर्णा ते किनवट

पूर्णा हे जंक्शनचे गाव. येथे लहानाचा मोठा झालेल्या माणसाला गाडीचा आवाज ऐकू येत नाही. गाडी वेळेवर आली नाही, तरच त्याचे कान टवकारतात. अशा गावात आमच्या भाच्याने गेल्या वर्षी शांत संगीत शोधायला घेतले. मुलगा आयटीआय झालेला, दिवसा कामाला जातो, रात्री भरतीच्या परीक्षेचा अभ्यास करतो. घर दोन खोल्यांचे. शेजारी टीव्ही, पलीकडे कुणाची तरी हळद, समोर रस्ता. अभ्यासाला बसला की कानात इअरफोन घालायचा आणि तासन्‌तास काढायचा नाही. आम्हाला वाटले, पोरगा सिनेमाची गाणी ऐकतो. एके दिवशी विचारलेच.

"गाणी नाहीत मामा. हे ऐका बरं," म्हणून त्याने एक बोंड आमच्या कानात घातले.

ऐकले. शब्द नाहीत, चाल नाही. खाली एकच खोल सूर लांबच लांब ताणलेला, विहिरीत वाकून 'ओ' दिल्यावर घुमतो तसा. आणि त्याच्यावर दुरून येणारा ढोल. पाच मिनिटे झाली, दहा झाली, तेच. आमच्या ताईनेही ऐकले. म्हणाली, "ह्याच्यात गाणं कवा सुरू व्हतंय?" भाचा म्हणाला, याला ड्रोन म्हणतात. ताईला लग्नात डोक्यावर भिरभिरणारा कॅमेरा आठवला. ती म्हणाली, त्याचा आवाज तर माशीसारखा असतो, ह्यो बरा हाय!

हसण्यावारी गेले, पण विषय आमच्या डोक्यातून जाईना. कारण तो आवाज आम्हाला अनोळखी वाटला नव्हता. कुठेतरी ऐकलेला होता.

या संगीताचे नाव परदेशात ठेवले गेले. ब्रायन ईनो नावाचे इंग्रज संगीतकार १९७५ साली अपघातानंतर अंथरुणाला खिळून होते. कुणीतरी तबकडी लावून गेले, आवाज फारच बारीक राहिला, आणि उठून वाढवण्याचे त्यांच्यात बळ नव्हते. बाहेर पाऊस पडत होता. पाऊस आणि ती तबकडी एकमेकांत मिसळून ऐकता ऐकता त्यांना सुचले की, खोलीतल्या उजेडासारखे, लक्ष न मागणारे संगीतही असू शकते. १९७८ साली त्यांनी विमानतळासाठी म्हणून तशी ध्वनिमुद्रिका काढली आणि तिला 'ॲम्बियंट' म्हटले. पुढे अमेरिकेतल्या स्टीव्ह रोच यांनी १९८८ साली 'ड्रीमटाइम रिटर्न' काढली. तिची प्रेरणा ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासींची होती. १९९० साली त्यांच्या पुढच्या एका ध्वनिमुद्रिकेत डेव्हिड हडसन हे मूळनिवासी वादक डिजरीडू वाजवायला आले, आणि त्यांचे नाव मुखपृष्ठावर छापले गेले. हे नाव छापण्याचे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. भाच्याच्या मोबाइलवर जो ढोल वाजत होता, त्याच्यापुढे नुसते 'ट्रायबल ड्रम्स' लिहिलेले होते. कोणती जमात, कोणता माणूस, काही नाही.

डिजरीडू म्हणजे वाळवीने आतून पोखरलेली निलगिरीच्या जातीच्या झाडाची फांदी. तिच्यात फुंकताना वादक गालात हवा साठवतो, गाल दाबून ती बाहेर सोडतो आणि त्याच क्षणी नाकाने नवा श्वास घेतो. त्यामुळे सूर तुटत नाही. आता आपल्या लग्नातला सनईवाला आठवा. दोन सनया असतात. एक चाल वाजवते, दुसरी नुसता एकच सूर धरून बसते. त्या दुसऱ्याचे गाल फुगलेले पाहून आम्ही लहानपणी हसायचो. तो हेच करत होता! त्या वाद्याला आपल्याकडे नावही साधे आहे : सूर.

तसाच तमाशात आणि शाहिरीत मागे उभा राहणारा झीलकरी. शाहिराचा दम संपतो तिथे तो सूर उचलतो आणि ताणतो. आणि तसेच तुणतुणे. एक लाकडी नळकांडे, त्याच्या तळाला चामडे, बाजूला बांबूची काठी, आणि चामड्याच्या मधून निघून काठीवरच्या खुंटीला गेलेली एक तार. बस्स. छेडली की तार सूर देते आणि चामडे ठेका देते, म्हणजे भाचा शोधत होता ती दोन्ही कामे एकाच वाद्यात. १९३० नंतर भीमराव कर्डक आणि मंडळींचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. ध्वनिक्षेपक नसलेल्या गावात माणसे जमवायला ढोलकी होती, आणि गाणाऱ्याला धरून ठेवायला तुणतुण्याची ती एक तार होती.

एकच सूर सतत वाजत राहिला तर कंटाळा का येत नाही? भाच्याने आम्हाला मोबाइलवरच्या यंत्रातून दाखवले. एका सेकंदाला १०० कंपनांचा सूर आणि १०२ कंपनांचा सूर एकत्र लावले, तर कानाला दोन सूर ऐकू येत नाहीत. एकच सूर सेकंदाला दोनदा चढतो-उतरतो, जणू श्वास घेतो. थोडासा बेसूरपणाच त्याला जिवंत ठेवतो. मिरजेचे तंबोरा करणारे कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवतात. त्याने तार घोडीला किंचित घासते आणि एका सुराच्या पोटातून दहा सूर बाहेर पडतात. त्याला जवारी म्हणतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण तंबोरा आपल्या वस्त्यांत कधी आलाच नाही, म्हणून त्याच्याबद्दल इतकेच.

आमच्या वस्तीतला सलग सूर दुसरीकडे आहे. विहारात शे-दोनशे माणसे एकत्र वंदना म्हणतात, तेव्हा दारात उभे राहून ऐका. कुणी चालीत पुढे, कुणी मागे. प्रत्येक जण वेगळ्या जागी श्वास घेतो आणि म्हणून आवाज कुठेच तुटत नाही. सनईवाला एकटा नाकाने जे करतो, ते येथे सगळे मिळून करतात. तिबेटच्या ग्युतो परंपरेतले भिक्खू इतक्या खोल आवाजात म्हणतात की एका कंठातून दोन सूर निघाल्यासारखे वाटतात. आमच्याकडच्या आयाबायांचा आवाज तितका खोल नाही, पण घुमारा तोच. भाच्याने विहारात जाऊन मोबाइलवर ते मुद्रित केले. घरी येऊन म्हणाला, "सूर सापडला मामा. आता ठेका."

आणि इथे घरात वाद उभा राहिला.

आमचे थोरले आबा नव्वदीला टेकलेले आहेत. त्यांचे वडील गावात डफडे वाजवीत. पुष्कळ गावी हलगी मांगवाड्याकडे असे. आमच्या गावी ते काम महारवाड्याकडे होते. भाच्याने मोठ्या उत्साहाने विचारले, "आबा, तुम्हाला येतं ना? थोडं वाजवून दाखवा, मी भरून घेतो."

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबा, ती आमची हौस नव्हती. बलुतं होतं. लग्न त्यांचं, मयत त्यांची, वाजवायचं आपण. जेवायला सगळ्यात शेवटी, तेबी भिंतीच्या बाहीर. छप्पन साली नागपूरहून आल्यावर बापानं डफडं आढ्याला टांगलं ते टांगलंच. गावानं लई दिवस तोंड फिरवलं. आता तू म्हणतोस वाजवा?"

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी हलकी समजली गेलेली कामे सोडा म्हणून सांगितले, हे आपण भाषणात ऐकतो. सोडणाऱ्याच्या घरात त्या दिवशी काय झाले असेल, ते आबांच्या तोंडून ऐकताना वेगळेच लागते. भाचा गप्प झाला. आम्हीच मध्ये पडलो. म्हटले, आबा, बाबासाहेबही उतारवयात व्हायोलिन शिकत होतेच की. आबा म्हणाले, "व्हायोलिन येगळं. ते वाजव म्हणून कुणी दारात येऊन शिवी दिली नाही."

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

दिवाळीच्या आधी भाच्याने नवा रस्ता काढला. पूर्णेहून नांदेड, मुदखेड, भोकर, हिमायतनगर करीत किनवटला गाडी जाते, पुढे आदिलाबादला. किनवट तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्ये बदलली, पण गोंडांची सोयरीक बदलली नाही. दिवाळीच्या दिवसांत दोन्हीकडे दंडारी चालते. एका गावची मंडळी वाजतगाजत दुसऱ्या गावी पाहुणी जाते, रात्रभर नाचते, जेवते, मग दुसऱ्यांची पाळी. मोरपिसांचे भले मोठे टोप घातलेले गुसाडी पुढे असतात. या नृत्यासाठी आदिलाबादकडच्या मार्लवाई गावचे कनकराजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ साली ते गेले. त्याच मार्लवाईला १९४० च्या दशकात फ्युरर-हायमेंडॉर्फ हे ऑस्ट्रियन अभ्यासक येऊन राहिले होते आणि त्यांनी गोंडांवर मोठे पुस्तक लिहिले.

आम्ही दोघे किनवट तालुक्यातल्या एका गुड्यावर पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. ढोल आधी पायांना कळला, मग कानांना. ढोल, गुमेला, सनईच्या घरातले पेपरे. पेपरे किती वेळ एका सुरावर राहावे याला काही माप नाही. नाचणारे गोल फिरतात, आवाज जवळ येतो, दूर जातो. भाच्याच्या मोबाइलमध्ये जे होते ते हेच, फक्त इथे धूर होता, लेकरे रडत होती, आणि वाजवणाऱ्याला नाव होते. भाच्याने परवानगी विचारली, वहीत वाजवणाऱ्यांची नावे लिहून घेतली. एका म्हाताऱ्याने विचारले, "तुमच्याकडं नाहीत का वाजवणारे?" आम्ही म्हटले, होते.

परत येताना गाडीत भाचा म्हणाला, "यांना कुणी हुकूम केला नाही मामा. म्हणून यांचं टिकलं." हे खरे आहे, पण पुरते खरे नाही, आणि आम्ही त्याला तसे सांगितले. गोंडांत पेपरे आणि किंगरी वाजवणारे परंपरेने प्रधान असतात. गोंडांच्या कथा त्यांनीच तोंडपाठ राखल्या, आणि तरी त्यांना एक पायरी खालचेच मानले गेले. पायऱ्या सगळीकडे आहेत. दंडारीत मात्र वाजवणारा भिंतीच्या बाहेर जेवत नाही, पंगतीला असतो, हेही आम्ही डोळ्यांनी पाहिले.

ज्यांच्या घरी असे ऐकणारे तरुण आहेत त्यांना एक सांगतो. मोबाइलवर इंग्रजी नावाने शोधले की बिननावाचे ढोल येतात. वाद्याच्या नावाने शोधा. 'तारपा' लिहा. वारल्यांचे हे वाद्य वाळलेला भोपळा, दोन बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांचे असते, फुंकण्याची तऱ्हा सनईसारखीच, श्वास न तोडता. वादकाभोवती माणसे हात धरून फिरतात. जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत पाहिलेली ती गोल रांग हीच. जव्हारकडचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. 'घांगळी' लिहा, 'किंगरी' लिहा, 'तुणतुणे' लिहा. आणि इअरफोनचा आवाज निम्म्यावर ठेवा; हे संगीत बारीक आवाजातच सापडले होते, हे विसरू नका. जयंतीच्या डीजेबद्दल येथे लिहीत नाही, भांडण नको.

किनवटहून आलो त्या रात्री आबा बाजेवर पडले होते. भाच्याने न विचारता मोबाइल त्यांच्या उशाशी ठेवला आणि दंडारी लावली, अगदी हळू. आबांनी डोळे उघडले नाहीत. थोड्या वेळाने त्यांच्या उजव्या हाताची बोटे बाजेच्या लाकडावर पडू लागली. डाव्या हाताची दोन बोटे मधेच बारीक काडीसारखी. ठेका गोंडांचा नव्हता. त्यांच्या बापाचा असावा.

गाणे संपले तसे आबा म्हणाले, "चामडं गारठलंय त्यांचं. दवात वाजवलं व्हय रातीला? शेकून घ्यायला पाहिजे होतं."

"कसं शेकतात आबा?" भाच्याने विचारले. मोबाइल त्याने खिशात घातलेला होता, भरून घेत नव्हता.

"पाचट पेटवायचं," आबा म्हणाले, "जाळावर नाही धरायचं, वरच्या वर धरायचं," आणि उठून बसले.