रस्त्यात गाडी बंद पडली तर? मदतीचे कवच निवडताना...

प्रतिनिधी, मुंबई

सुट्ट्या जोडून आल्या की मुंबई-पुण्याहून कोकण, महाबळेश्वर आणि गोव्याच्या दिशेने मोटारींची रीघ लागते. निघण्यापूर्वी टायरमधील हवा, इंजिनातील तेल तपासले जाते, हॉटेलचे आरक्षण पुन्हा एकदा पाहिले जाते. परंतु रात्री अकरा वाजता घाटात गाडी बंद पडली तर नेमका कोणाला दूरध्वनी करायचा, हा विचार बहुधा गाडी बंद पडल्यावरच सुरू होतो. सोबत वृद्ध आई-वडील आणि लहान मुले असतील, मागून अवजड ट्रक येत असतील, तर हा प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. तो सुरक्षिततेचा होतो.

या प्रश्नाचे उत्तर म्हणून 'रोडसाइड असिस्टन्स', म्हणजेच रस्त्यावरील तातडीची मदत, असे कवच विकले जाते. विम्याचे नूतनीकरण करताना काही शे रुपयांत ते मिळून जाते. माहितीपत्रकात सेवांची लांबलचक यादी असते: बॅटरी उतरली तर जम्पस्टार्ट, पंक्चर झाल्यास चाक बदलणे, इंधन पोहोचवणे, किल्ली आत राहिल्यास दार उघडून देणे, गाडी ओढून गॅरेजपर्यंत नेणे. मात्र या कवचाची खरी किंमत यादीच्या लांबीवरून ठरत नाही. मदत कोणत्या अंतरापर्यंत, कोणत्या वाहनाने आणि कोणत्या अटींवर मिळणार, यावर ती ठरते.

मूळ विम्यात काय असते?

'गाडीचा पूर्ण विमा आहे, मग वेगळे कवच कशाला', असे अनेक वाहनधारकांना वाटते. हा समज तपासून पाहावा लागेल. मोटार वाहन कायद्याने सक्तीचा असलेला त्रयस्थ पक्षाचा विमा आपल्या वाहनाच्या नुकसानीशी संबंधितच नाही. सर्वंकष पॉलिसीत अपघातानंतर गाडी जवळच्या दुरुस्ती केंद्रापर्यंत नेण्याचा खर्च मिळतो, पण प्रचलित नमुन्यानुसार खासगी मोटारीसाठी त्याची मर्यादा प्रत्येक अपघातामागे १५०० रुपये इतकीच आहे. शिवाय ही तरतूद अपघातासाठी आहे. यांत्रिक किंवा विद्युत बिघाड मूळ पॉलिसीतून स्पष्टपणे वगळलेला असतो. केवळ टायर फुटला आणि गाडीचे अन्य नुकसान झाले नाही, तर टायरचीही भरपाई मिळत नाही.

म्हणजे क्लचप्लेट जळाली, अल्टरनेटर बंद पडला किंवा बॅटरी उतरली, तर मूळ विमा कामाचा नाही. ही पोकळी भरण्यासाठीच स्वतंत्र कवच आहे. मात्र तेही मदतीचे कवच आहे, दुरुस्तीचे नव्हे. मेकॅनिक येण्याचा आणि गाडी ओढून नेण्याचा खर्च त्यात येतो. सुट्या भागांची आणि गॅरेजमधील मजुरीची रक्कम वाहनधारकालाच भरावी लागते. इंधन आणून दिले जाते, पण इंधनाचे पैसे सामान्यतः आपलेच असतात.

मदत देते कोण?

हे कवच प्रामुख्याने तीन ठिकाणी मिळते. नवी गाडी घेताना वाहन उत्पादक कंपनी ठरावीक काळासाठी ही सेवा देते व पुढे शुल्क घेऊन ती वाढवून देते. विमा कंपनी मुख्य पॉलिसीला जोडून ती विकते. तिसरा मार्ग वाहनधारकांच्या संघटनांचा किंवा स्वतंत्र सेवा कंपन्यांचा. १९१९ साली मुंबईत स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही अशा संघटनांपैकी जुनी संस्था.

विमा कंपनी स्वतः क्रेन बाळगत नाही. तिने करार केलेली सेवा कंपनी स्थानिक टोइंग व्हॅन पाठवते. त्यामुळे उत्पादकाची सेवा चालू असताना विम्यातही तेच कवच घेणे म्हणजे पुष्कळदा एकाच मदतीसाठी दोनदा पैसे मोजणे होय. नूतनीकरणापूर्वी उत्पादकाच्या सेवेची मुदत पाहावी आणि ती संपत असेल तरच विम्याचे जोडकवच घ्यावे.

तक्रारीचा मार्गही यावरून ठरतो. कवच विमा कंपनीचे असेल तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे, त्यानंतर विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालांची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत. वितरकाने किंवा स्वतंत्र कंपनीने विकलेले कवच हा विमा नसून सेवेचा करार असतो. तेथे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन (१९१५) आणि ग्राहक आयोग हाच मार्ग उरतो. पैसे भरताना पावती कोणाच्या नावाची आहे, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे.

फुकट किती किलोमीटर?

सगळ्यांत मोठा फरक पडतो तो ओढून नेण्याच्या अंतरात. कुठे २५, कुठे ५०, तर कुठे १०० किलोमीटरपर्यंत विनाशुल्क सेवा असते आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला आकार पडतो. शहरातल्या शहरात वापरल्या जाणाऱ्या गाडीला २५ किलोमीटर पुरतात. घाटातले गणित वेगळे आहे. आंबा घाटात गाडी बंद पडली तर कोल्हापूर किंवा रत्नागिरी, दोन्ही बाजूंना सुमारे ६५ किलोमीटर अंतर आहे. २५ किलोमीटरची मर्यादा असलेल्याला सुमारे ४० किलोमीटरचे पैसे जागेवर मोजावे लागतील. ५० किलोमीटरवाल्याला सुमारे १५.

त्याचबरोबर अंतर कोठून मोजणार, हेही विचारावे. गाडी बंद पडली त्या ठिकाणापासून, की टोइंग व्हॅन निघाली तेथून? 'जवळचे गॅरेज' म्हणजे कोणतेही गॅरेज, की आपल्या कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र? हमीकाळातील गाडीच्या बाबतीत या दोन शब्दांतील अंतर बरेच महाग पडू शकते. वर्षातून किती वेळा मदत मिळेल, एकाच बिघाडासाठी दुसऱ्यांदा बोलावता येईल का आणि शहरापासून किती दूरपर्यंत सेवा लागू आहे, या अटीही नियमावलीत असतात.

कशी ओढणार, हेही विचारा

पूर्वी पुढची चाके उचलून गाडी ओढत नेली जाई. ऑटोमॅटिक गिअरच्या, चारही चाकांना गती देणाऱ्या आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींना ही पद्धत घातक ठरू शकते. विजेच्या गाडीत चाके फिरली की मोटारही फिरते आणि वीजप्रणालीचे नुकसान संभवते. अशी वाहने सपाट पाट्याच्या वाहनावर, म्हणजे फ्लॅटबेडवर, चढवूनच न्यावीत. कवचात 'टोइंग' एवढाच शब्द असेल तर फ्लॅटबेड मिळेल का, हे लेखी विचारून घ्यावे. चार्जिंग संपल्यास चार्जिंग केंद्रापर्यंत नेण्याची सोय आहे की तो वाहनधारकाचा निष्काळजीपणा मानला जातो, हेही स्पष्ट करून घ्यावे.

चाक बदलण्याच्या सेवेचेही तसेच. टायरमधील दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनी न देण्याची मुभा २०२० च्या नियमबदलाने मिळाली. स्टेपनीच नसेल तर चाक बदलणार कसे? अशा गाडीच्या मालकाने पंक्चर जागेवर काढून मिळेल का, आणि टायर फाटला असल्यास गाडी विनाशुल्क ओढून नेणार का, हे पाहावे.

पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यावर अडकलेली गाडी बाहेर काढणे अनेक योजनांत वगळलेले असते. इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान तर या कवचात येतच नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे जोडकवच घ्यावे लागते. मुंबईकरांनी या दोहोंत गल्लत करू नये.

कॅरॅव्हॅनचा प्रवास

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केल्यापासून झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्यांबद्दलचे कुतूहल वाढले आहे. खासगी मोटारीचे कवच अशा वाहनाला लागू होईलच असे नाही. वजन आणि उंची अधिक असल्याने मोठी क्रेन लागते. भाड्याने कॅरॅव्हॅन घेणाऱ्यांनी मदतीची जबाबदारी मालकाची की आपली, पर्यायी वाहन मिळेल का आणि रात्रीच्या मुक्कामाचा खर्च कोण देणार, हे करारातच लिहून घ्यावे.

अमेरिकेत मुलांकडे जाऊन अशा 'आरव्ही'ने फिरणाऱ्या कुटुंबांनाही हीच सूचना. तेथील अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनचे सदस्यत्व व्यक्तीला असते, वाहनाला नव्हे. परंतु आरव्ही ओढून नेण्यासाठी त्यावर वेगळी जोड घ्यावी लागते. मुलाचे साधे सदस्यत्व आहे म्हणून निर्धास्त राहणे योग्य नाही.

मदत येईपर्यंत

कवच कोणतेही असो, व्हॅन येईपर्यंत वेळ जातोच. राष्ट्रीय महामार्गावर प्राधिकरणाच्या १०३३ क्रमांकावर चोवीस तास मदत मागता येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग हे राज्य रस्ते विकास महामंडळाकडे असल्याने तेथील मदत क्रमांक निराळे आहेत. ते निघण्यापूर्वीच टिपून ठेवावेत. महामार्गाच्या यंत्रणेचे पहिले काम गाडी वाहतुकीतून बाजूला काढणे हे असते. तेथून आपल्या गॅरेजपर्यंतची व्यवस्था आपल्या कवचातूनच करावी लागते. अपघातात कोणी जखमी असल्यास १०८ किंवा ११२ या क्रमांकांना प्राधान्य द्यावे.

गाडी शक्य तितकी डावीकडे घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत आणि परावर्तक त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवावा. प्रवाशांनी गाडीत बसून न राहता संरक्षक कठड्यापलीकडे सुरक्षित जागी थांबावे. घाटात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. म्हणून पॉलिसी क्रमांक आणि मदत क्रमांक कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवावेत.

कवच घेण्यापूर्वी हे विचारा

- उत्पादकाची सेवा अद्याप चालू आहे का?
- विनाशुल्क अंतर किती आणि ते कोठून मोजणार?
- गाडी कोणत्या गॅरेजपर्यंत नेणार?
- फ्लॅटबेड मिळेल का?
- वर्षातून किती वेळा सेवा मिळेल?
- मदत वेळेत न आल्यास स्वतः केलेल्या खर्चाची भरपाई मिळते का?

या प्रश्नांची उत्तरे विक्री प्रतिनिधीच्या तोंडून ऐकून थांबू नये. ती नियमावलीत शोधावीत. न सापडल्यास ई-मेलवर लेखी मागावीत. मध्यरात्री वाद उद्भवल्यास तोंडी दिलेला शब्द उपयोगी पडत नाही, लेखी उत्तर पडते.