पहिल्या समुद्रप्रवासाची तयारी

बौधायनाच्या धर्मसूत्रांत समुद्रगमनाची गणना मनुष्यास पतित करणाऱ्या कर्मांत केलेली आहे. आणि त्याच ग्रंथांत उत्तरेकडील लोकांचे जे विशेष आचार सांगितले आहेत, त्यांतहि समुद्रगमन येतें. म्हणजे निषेध होता तेव्हांहि माणसें जात होतीं, हें उघड आहे. आमच्या घरांत हा निषेध पाळला गेला तो धर्मबुद्धीनें नव्हे, तर प्रसंगच न आल्यामुळें. वडिलांचा समुद्राशीं संबंध एवढाच कीं, लहानपणीं ते कोंकणांतून मुंबईस आगबोटीनें येत, आणि ‘बोट लागणें’ हे शब्द उच्चारतांना उतारवयांतहि त्यांचें तोंड कसनुसें होई. गेल्या पौषांत मात्र आमच्या पुतण्यानें (त्याला अजून चिरंजीव म्हणावयाचें, पण तो स्वतः पन्नाशीला आला आहे) मुंबईहून गोवा व लक्षद्वीप असा सहलीच्या मोठ्या जहाजाचा प्रवास सर्व घरास घडविला. माझे थोरले बंधु, ज्यांना आम्ही दादा म्हणतों, ते व वहिनी, मी व आमचें कुटुंब, पुतण्या, सूनबाई आणि दोन नातवंडें, अशीं आठ माणसें. मौज पुष्कळ झाली. तिचें वर्णन या लेखांत नाहीं. आम्हीं ज्या चुका केल्या त्या इतर कुटुंबांनीं करूं नयेत, एवढ्याचसाठीं हें लिहीत आहें.

हीं सहलीचीं जहाजें म्हणजे जुन्या आगबोटी नव्हेत. दहा-बारा मजले, लिफ्ट, भोजनगृहें, नाटकगृह, पोहण्याचा हौद असा सर्व थाट असल्यामुळें आपण पाण्यावर आहों याचाच विसर पडतो, आणि आमच्या बहुतेक चुका या विसरांतून झाल्या. घरीं औषध संपलें तर कोपऱ्यावरच्या दुकानांत पोराला पिटाळतां येतें. आगगाडींत प्रकृति बिघडली तर पुढच्या स्टेशनावर उतरतां येतें. येथें धक्का सुटला म्हणजे जें बरोबर असेल तेंच आपलें.

आमची पहिली चूक घर सोडण्याच्याहि आधींची. खोल्या पुतण्यानें घरबसल्या संगणकावर ठरविल्या. मजला जितका उंच तितकी खोली श्रेष्ठ, असा त्याचा समज. शिवाय पुढच्या टोकाशीं असली तर समुद्र चांगला दिसेल, म्हणून दादा-वहिनींस त्यानें मुद्दाम वरची, अगदीं पुढची खोली घेतली. हेतु प्रेमाचा, परिणाम उलटा. आपल्याकडील झोपाळा डोळ्यांपुढें आणावा. कडीजवळचा भाग जेमतेम हलतो आणि फळी मात्र दूरवर जाऊन येते. जहाजाचेंहि तसेंच आहे. त्याच्या मध्यभागीं, खालच्या मजल्यांवर हालचाल सर्वांत कमी. तेथून वर, पुढें किंवा मागें जितकें जावें तितका झोका मोठा. वृद्धांकरितां खोली घ्यावयाची ती मध्यावरची व खालच्या बाजूची. ती लिफ्टजवळ असावी, दोन खोल्या शेजारीं-शेजारीं मागाव्या, आणि भिंतींतून उघडणारा वरचा बिछाना वडील माणसांच्या वांट्याला येणार नाहीं हें आधींच विचारून घ्यावें. स्नानगृहाच्या दाराशीं बहुधा उंबरठा असतो. रात्रीं उठणाऱ्यांनीं तेथील दिवा जळतच ठेवावा. बिनखिडकीची खोली स्वस्त पडते व झोपण्यापुरती वाईट नसते, परंतु तींत सकाळ झालेली कळत नाहीं. आमच्या दादांसारख्या, सूर्योदयापूर्वीं उठून आन्हिक करणाऱ्या मनुष्यास ती मानवणार नाहीं.

आतां निघण्याच्या दिवसाविषयीं. मुंबईस बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर आम्ही दुपारीं पोंचलों. मोठ्या पेट्या तेथेंच ताब्यांत घेतात, त्यांना खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधतात, त्यांची यंत्रांतून तपासणी होते, आणि त्या खोलीच्या दाराशीं येतात त्या संध्याकाळीं. ही रीत आम्हांस ठाऊक नव्हती असें नाहीं. कागदावर ती छापलेली होती. पण दादांचें इन्सुलिन, जें ते रात्रीच्या जेवणापूर्वीं घेतात, तें कोणत्या पेटींत आहे हें विचारण्याचें आम्हां आठ जणांत कोणासहि सुचलें नाहीं. दादांना वाटलें वहिनींनीं हातपिशवींत ठेवलें असेल. वहिनींना वाटलें सूनबाईंनीं घेतलें असेल. एकत्र कुटुंबांत सर्वांचें काम तें कोणाचेंच नसतें, हा अनुभव वाचकांपैकीं अनेकांस असेल.

सात वाजले. इतरांच्या पेट्या आल्या, वहिनींची आली नाहीं. आठ वाजले तरी नाहीं. दादा जेवावयास बसेनात व कांहीं बोलेनात. त्यांचें न बोलणें हें बोलण्यापेक्षां जड असतें. अखेर सूनबाई खालच्या मजल्यावर रक्षकांच्या कचेरींत गेल्या, तेव्हां उलगडा झाला. त्या पेटींत वहिनींनीं देवपूजेचें साहित्य भरलें होतें : निरांजन, कापूर, काडेपेटी आणि पहांटेच्या चहासाठीं एक लहानशी विजेची किटली. यंत्रांत तें दिसल्यामुळें पेटी अडवून ठेवली होती. रक्षकांनीं नम्रपणें पण ठामपणें त्या चार वस्तु काढून घेतल्या, पावती दिली व प्रवासाच्या अंतीं परत केल्या. पेटी खोलींत आली तेव्हां नऊ वाजून गेले होते. दादांनीं औषध घेतलें, जेवले व झोपले. वहिनी मात्र बराच वेळ खिडकीशीं बसून होत्या. त्या रात्रीं आणखी कांहीं घडलें नाहीं हें आमचें सुदैव. जहाजावर डॉक्टर असतो, परंतु आपलेंच औषध नेमकें त्याच्याजवळ असेल असें धरून चालूं नये, आणि त्याची फी दवाखान्यासारखी नसते.

म्हणून रोजचीं औषधें, डॉक्टरांची लेखी चिठ्ठी, चष्मा, ओळखीचे कागद व एक वेळचे कपडे हें सर्व अंगाबरोबरच्या पिशवींतच असावें, आणि ती पिशवी कोणाकडे आहे हें एका माणसाच्या नांवें ठरवावें. औषधें प्रवासाच्या दिवसांपेक्षां चार-पांच दिवस पुरून उरतील इतकीं घ्यावीं. देशांतल्या देशांत फोटोसह ओळखपत्र चालतें, परदेशी बंदर असेल तर पासपोर्ट लागतो, आणि लक्षद्वीपास जाण्यास भारतीयांसहि प्रवेशाचा परवाना लागतो. तो कंपनी काढते कीं आपण, हें पैसे भरण्यापूर्वींच विचारावें. घरांत गर्भवती असेल तर हेंहि ध्यानांत घ्यावें कीं, चोविसावा आठवडा लागल्यावर बहुतेक कंपन्या तिला चढूं देत नाहींत.

निरांजनाविषयीं वहिनींना वाईट वाटलें, परंतु नियम योग्य आहे. भर समुद्रांत आगीसारखें भय नाहीं. तेथें पळावयास अंगण नसतें. उदबत्ती, इस्त्री, पाणी तापविण्याची विजेची कांडी या सर्वांस त्याच कारणानें बंदी आहे. मानसपूजेस शास्त्राची संमति आहे, असें मीं वहिनींस सांगितलें. “तुमचें शास्त्र तुम्हांला प्रसंगीं बरें आठवतें, भाऊजी,” असें उत्तर मिळालें. दादांचाहि एक प्रसंग सांगावयास हरकत नाहीं. पहिल्या सकाळीं त्यांनीं गच्चींतून सूर्यास अर्घ्य दिलें, आणि तें वाऱ्यानें खालच्या मजल्यावर बसलेल्या एका गृहस्थांच्या वर्तमानपत्रावर पडलें. पुढें ते ताम्हनांत अर्घ्य देऊं लागले. निर्माल्य, नारळ, कागदाचा कपटाहि समुद्रांत टाकूं नये. प्लॅस्टिक टाकणें तर आंतरराष्ट्रीय करारानें सर्वथा निषिद्ध आहे.

त्या पहिल्याच दिवशींची दुसरी गोष्ट याहूनहि महत्त्वाची आहे. जहाज सुटण्यापूर्वीं संकटकाळची कवाईत होते. सात लहान आणि एक लांब असा भोंगा वाजला म्हणजे आपल्या ठरलेल्या जागीं जमावयाचें, तरंगतें जाकीट कसें बांधावयाचें तें पाहावयाचें. प्रवासानें शिणलेले दादा नुकते आडवे झाले होते. “ही पोरांची ड्रिल आम्हांस कशाला?” असें ते म्हणाले, आणि खरें सांगावयाचें तर मीहि, आयुष्यभर शाळेंत ड्रिलची घंटा वाजविली असून, त्यांना दुजोरा दिला. नातवानें आम्हां दोघांस हाताला धरून उठविलें. मागाहून मीं या नियमाचा इतिहास वाचला, तेव्हां लाज वाटली. १९१२ सालीं टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ त समुद्रावरील जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. तरीहि पुष्कळ काळ नवीन प्रवाशांची कवाईत चोवीस तासांच्या आंत केली तरी चाले. १३ जानेवारी २०१२ रोजीं इटलीच्या जील्यो बेटाजवळ कोस्ता कोंकॉर्दिया हें जहाज खडकावर आदळून कलंडलें व ३२ माणसें मेलीं. त्याच दिवशीं चढलेल्या शेंकडों प्रवाशांची कवाईत अजून व्हावयाचीच होती. १ जानेवारी २०१५ पासून ती जहाज सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांक्षणीं झालीच पाहिजे असा नियम झाला. आपल्या किनाऱ्यावरील जुन्या घरांस तर हें सांगावयासहि नको. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. तें नांव काढतांच आमचे वडील उठून दुसऱ्या खोलींत जात. कवाईतीच्या वेळीं वृद्धांनीं आपले गुडघे, ऐकूं न येणें, जिने न चढवणें हें तेथील माणसांस मोकळेपणानें सांगावें. खऱ्या प्रसंगीं लिफ्ट वापरावयाची नसते. अशा माणसाला कोणी न्यावयाचें हें त्यांना अगोदर कळलेलें बरें.

बोट लागण्याचा प्रकार दुसऱ्या रात्रीं झाला, आणि तो वहिनींना. समुद्र फार खवळलेला होता असेंहि नाहीं. डोळे सांगतात खोली स्थिर आहे, अंतःकर्ण सांगतो शरीर हलत आहे. या दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहींत म्हणजे मेंदू गोंधळतो आणि त्याचा राग पोटावर निघतो. त्यांत वहिनींनीं तेथील स्वयंपाकाच्या शंकेनें दिवसभर दोन केळ्यांवर काढलेलीं. रिकामें पोट हें भरगच्च पोटाइतकेंच वाईट. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर शाकाहारी व कांदा-लसूण नसलेलें जेवण मिळूं शकतें. तें आधींच कळवावें, म्हणजे अशी उपासमार होत नाहीं. आम्हीं वहिनींस मधल्या मजल्यावर उघड्या हवेंत आणून बसविलें, क्षितिजावरील दिव्यांकडे पाहावयास सांगितलें, आल्याचा तुकडा दिला. तासाभरानें बरें वाटलें. गोळ्याहि आहेत : सिनॅरिझिन, डायमेनहायड्रिनेट इत्यादि. परंतु त्या त्रास सुरू होण्यापूर्वीं घ्यावयाच्या असतात, त्यांनीं झोंप येते, आणि काचबिंदू किंवा प्रॉस्टेटचा विकार असणाऱ्यांनीं आपल्या डॉक्टरांस विचारल्याखेरीज त्या घेऊं नयेत. ऋतूची निवड हाहि एक उपायच होय. जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावर नैर्ऋत्येचा वारा असतो. मार्गशीर्ष ते माघ हे महिने शांत. पोटाच्या सांथीहि बंद जागेंत लवकर पसरतात. त्यांतील नोरोव्हायरस हातावर चोळण्याच्या द्रवानें नीट मरत नाहीं, म्हणून जेवणापूर्वीं साबण व पाणी हीच जुनी रीत खरी.

लक्षद्वीपाशीं मोठें जहाज किनाऱ्यास लागत नाहीं. दूर नांगर टाकतें आणि लहान होड्यांतून माणसें नेतात, जशीं पूर्वीं कोंकणच्या बंदरांत पडावांतून नेत. लाट होडीला वर-खालीं करीत असते व नेमक्या क्षणीं पाऊल टाकावें लागतें. दादांच्या गुडघ्यांस तें झेपणार नव्हतें. वहिनींनीं सवयीनें “मग मीहि राहतें” म्हटलें. “तूं जा. मला येऊन सांग,” दादा म्हणाले. पंचेचाळीस वर्षांच्या संसारांत त्यांच्यावांचून त्या कोठें सहलीस गेल्याचें मला स्मरत नाहीं. दोन खलाशांनीं दोन्ही हात धरले, वहिनी होडींत उतरल्या, आणि दुपारीं परत आल्या त्या रुमालांत पांढरी वाळू बांधून.

गोव्यांत जहाज मुरगांवास लागलें. तेथें आम्हीं शेवटची चूक केली. जहाजाच्या सहलीऐवजीं स्वतःची मोटार ठरवून मंगेशीस गेलों, दर्शन झालें, प्रसादास बसलों, आणि परततांना वाहनांच्या रांगेंत अडकलों. जहाजावर चढण्याची अखेरची वेळ सुटण्याच्या वेळेच्या बरीच आधींची असते. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर बहुधा थांबतात. आपल्या मोटारीसाठीं कोणी थांबत नाहीं. आम्ही सात मिनिटें उरलीं असतां पोंचलों, तीं देखील दादांना चाकाच्या खुर्चींतून पळवीत. रोज खोलींत मिळणाऱ्या पत्रकावर बंदरांतील प्रतिनिधीचा दूरध्वनि छापलेला असतो. तो लिहून घ्यावा, औषधें बरोबर असूं द्यावींत, आणि परतीच्या वेळेंत दोन तास आधींच वजा करावे. परदेशीं जहाजाचें घड्याळ व गांवाचें घड्याळ वेगळें असूं शकतें, तेंहि पाहावें.

पैशाविषयीं थोडक्यांत सांगतों. छापील भाड्यांत कर, बंदराचा आकार व नोकरांची बक्षिसी धरली आहे कीं नाहीं हें विचारावें. जहाजावर रोख चालत नाहीं, खोलीच्या कार्डावर नोंद होते. नातवंडांच्या कार्डांवर खर्चाची मर्यादा घालून घ्यावी. आमच्या धाकट्यानें तीन दिवसांत किती आइसक्रीमें खाल्लीं तें बिलावरून कळलें. भ्रमणध्वनि समुद्रांत विमानांतल्याप्रमाणें बंद ठेवावा, नाहींतर तो उपग्रहाच्या जाळ्याशीं जोडला जाऊन भलताच आकार पडतो.

घरीं आल्यावर दादा म्हणाले, “अरे, ही ओटी हलते आहे.” मलाहि तसेंच वाटत होतें. शरीराला झोक्याची संवय झालेली असते. बहुतेकांना तें दिवस-दोन दिवस जाणवतें व आपोआप जातें. तोंवर जिना उतरतांना कठडा धरावा, मोटार चालवूं नये, आणि आठवड्यानंतरहि तसेंच राहिलें तर डॉक्टरांकडे जावें. आमच्याकडे तिसऱ्या दिवशीं थांबलें.