लाभांश, निर्देशांक आणि महागाई

मुलुंड, घाटकोपर वा बोरिवलीतील निवृत्त नोकरदाराने घरखर्चासाठी समभाग घेतले असतील, तर केवळ निर्देशांकावर विसंबणे हिताचे नाही. मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक एप्रिल १९९२ मध्ये ४,००० च्या वर पोहोचला होता. एप्रिल २००३ मध्ये तो सुमारे ३,००० होता. या ११ वर्षांत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या किमती मात्र दुपटीहून अधिक वाढल्या. या निर्देशांकात लाभांश धरलेला नसतो. त्याचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो. महागाई दरसाल ६ टक्के राहिल्यास १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. म्हणजेच आजचा ४,००० रुपये लाभांश तेव्हा ८,००० झाला, तरच पूर्वीइतका किराणा घरात येईल. लाभांशाची हमी नसते. म्हणून भावाबरोबरच लाभांशाची वाढही भागधारकाने दरवर्षी तपासावी.