गरोदरपणाच्या प्रारंभीची अवटुन्यूनता : शेलू परिसराच्या संदर्भात

गर्भाची अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथी साधारणतः बाराव्या आठवड्यापासून संप्रेरक निर्माण करू लागते. ते पुरेसे होण्यास विसावा आठवडा उजाडतो. तोपर्यंत गर्भाच्या मेंदूची जडणघडण प्रामुख्याने मातेच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. याच काळात मातेची गरज २५ ते ५० टक्क्यांनी वाढते. निरोगी ग्रंथी ती भागविते. मंदावलेल्या ग्रंथीस ते साधत नाही.

म्हणूनच वांगणी आणि नेरळ यांच्या दरम्यानच्या शेलूसारख्या गावी हा प्रश्न औषधाचा कमी व वेळेचा अधिक ठरतो. गोळी स्वस्त आहे; परंतु नावनोंदणी तिसऱ्या महिन्यात झाल्यास मोलाचे आठवडे निघून गेलेले असतात. २०१६ पासून दरमहा ९ तारखेस होणारी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणीदेखील दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीसाठी योजलेली आहे. तिची वाट पाहणे येथे उपयोगाचे नाही.

आधीपासून लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्या स्त्रीने पाळी चुकताच गर्भचाचणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा वाढवावी. आठवड्यास सातऐवजी नऊ गोळ्या ही रूढ पद्धत आहे. वारंवार गर्भपात, वंध्यत्व वा गलगंड यांचा पूर्वेतिहास असणाऱ्यांची टीएसएच तपासणी करावी, असे केंद्र शासनाची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पहिल्या तिमाहीत २.५ ही मर्यादा मानून १० पर्यंत २५ मायक्रोग्रॅम व त्यापुढे ५० मायक्रोग्रॅम मात्रा त्यांत सुचविली आहे. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने मात्र २०१७ मध्ये, स्थानिक प्रमाण उपलब्ध नसल्यास, सुमारे ४ ही मर्यादा स्वीकारली. सौम्य अवटुन्यूनतेवरील उपचाराने मुलांची बुद्धिमत्ता वाढते, हेही २०१२ व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाले नाही. तीव्र न्यूनतेच्या उपचाराबाबत असा मतभेद नाही.

व्यवहारातील खरी अडचण लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची आहे. दुसऱ्या तिमाहीपासून त्या प्रत्येक गरोदर स्त्रीस दिल्या जातात आणि थायरॉक्सिनचे शोषण रोखतात. थायरॉक्सिन पहाटे उपाशीपोटी, चहापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावे. अन्य गोळ्या चार तासांनंतर. पहाटेची लोकल गाठणाऱ्या स्त्रीने चहाबरोबर सर्व गोळ्या एकदम घेतल्यास मात्रा योग्य असूनही टीएसएच चढाच राहतो, आणि नकळत मात्रा वाढविली जाते. टीएसएच निम्म्या गरोदरपणापर्यंत दर चार आठवड्यांनी व पुढे तिसाव्या आठवड्याच्या सुमारास तपासावा. प्रसूतीनंतर मात्रा पूर्ववत करून सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी.