बहारीन : तेलाच्या जोडीला पेढीचा धंदा



आखाती देश म्हटला की न संपणारं तेल आणि न संपणारा पैसा असंच आपल्याला वाटतं. बहारीनचं तसं नाही. हे बेटराष्ट्र सुमारे ७८० चौरस किलोमीटरचं, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढं. लोकसंख्या सुमारे १५ लाख, त्यात निम्म्याहून अधिक परदेशी. एकाच पिकावर प्रपंच चालवला तर काय होतं, हे या देशाने चांगलंच अनुभवलं आहे. म्हणून ही माहिती.

पहिलं पीक मोत्यांचं. पाणबुडे समुद्राच्या तळातून शिंपले काढीत आणि मोत्यांची मोठी बाजारपेठ होती आपली मुंबई. व्यवहारात आपलाच रुपया चाले. बहारीनने स्वतःचा दिनार काढला तो १९६५ साली. पुढे जपानचे लागवडीचे मोती बाजारात आले, त्यात १९२९ ची मंदी. धंदा बसला. नशीब असं, की १९३२ साली जबल दुखान येथे तेल लागलं. आखाताच्या अरबी बाजूचं हे पहिलं तेल. १९३६ मध्ये शुद्धीकरण कारखानाही सुरू झाला.

परंतु साठा शेजाऱ्यांच्या मानाने फारच थोडा. तेव्हा राज्यकर्त्यांनी जोडधंदे शोधले. १९७१ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, अॅल्युमिनियमचं उत्पादन सुरू झालं. कच्चा माल बाहेरचा, वीज मात्र घरच्या गॅसवर.

दुसरा जोडधंदा बँकिंगचा. १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले. शेजारी देशांच्या हाती अफाट पैसा आला. तोवर अरबांची पेढी होती बैरुत, पण १९७५ साली लेबनॉनमध्ये यादवी पेटली. त्याच वर्षी बहारीनने परदेशी बँकांना ‘ऑफशोअर’ शाखांचे परवाने देणं सुरू केलं. या शाखांनी स्थानिक लोकांशी सहसा व्यवहार करायचा नाही. बाहेरच्या ठेवी घ्यायच्या आणि बाहेरच कर्जं द्यायची. त्यांच्या नफ्यावर कर नव्हता. शिवाय घड्याळाचा फायदा : पूर्वेकडचे बाजार बंद होत असताना आणि लंडन उघडण्याआधी बहारीनचं कामकाज चालू असतं.

आता प्रश्न असा, की यातून देशाला मिळालं काय? नोकऱ्या मिळाल्या, इमारतींना भाडं मिळालं, परवान्यांची फी मिळाली. इस्लामी पद्धतीच्या, म्हणजे व्याज न घेणाऱ्या बँकिंगचंही ते मोठं केंद्र झालं. आज राष्ट्रीय उत्पन्नात वित्त व्यवसायाचा वाटा तेलाच्या बरोबरीला, किंबहुना पुढे गेला आहे.

मग सगळं सुरळीत झालं का? तर नाही. इथेच खरी गोम आहे. राष्ट्रीय उत्पन्न वेगळं आणि सरकारी तिजोरी वेगळी. बँकांवर करच नव्हता, तर त्यांची भरभराट तिजोरीत उतरणार कशी? सरकारी महसुलाचा निम्म्याहून अधिक भाग तेल-वायूचाच राहिला. २०१४ मध्ये तेलाचे भाव कोसळले, कर्ज वाढत गेलं आणि २०१८ साली सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती व कुवेत यांना १० अब्ज डॉलरचं साहाय्य जाहीर करावं लागलं. दरम्यान २००४ पासून दुबईनेही वित्तकेंद्र उभारून स्पर्धा लावली होतीच.

शेवटी कराकडे वळावंच लागलं. २०१९ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर आला, २०२२ मध्ये तो १० टक्के झाला, आणि २०२५ पासून मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान १५ टक्के कर लागू झाला.

बहारीनने जोडधंदा वेळेवर काढला, ही दूरदृष्टीच म्हणायची. तेल असतानाच हातपाय हलवले म्हणून आज बँकांत काम करणारी पिढी तयार आहे. पण उलाढाल किती, एवढाच हिशेब पुरत नाही. त्यातलं पदरात किती पडतं, हेही पाहावं लागतं. एका पिकाला दुसऱ्याची जोड देणाऱ्या कोणालाही हा हिशेब चुकत नाही.