विहिरीत पोहणाऱ्यांनी मालवणात स्कुबा करताना कोणती सवय सोडायची?

दिवाळीच्या सुट्टीत जळगाव जामोदहून कोकणात जायचं म्हणजे आधी नांदुरा किंवा शेगाव गाठायचं, रेल्वेत रात्र काढायची आणि गाड्या बदलत कुडाळला उतरायचं. मालवण-तारकर्लीच्या यादीत किल्ले सिंधुदुर्ग आणि मासळीच्या थाळीसोबत आता स्कुबा डायव्हिंगही असतंच. रीलमध्ये रंगीत मासे, प्रवाळ आणि हात हलवणारा मित्र दिसतो. पाण्यात उतरण्याआधी काय सांगितलं जातं, ते मात्र रीलमध्ये नसतं.

आपल्याकडची बहुतेक मंडळी पोहायला शिकली ती मळ्यातल्या विहिरीत. सूर मारायचा, दम धरायचा, तळाची माती मुठीत घेऊन वर यायचं. जो जास्त वेळ दम धरेल तो भारी! स्कुबामध्ये हीच सवय सगळ्यात धोक्याची ठरते.

असं का, ते बघू.

पाण्यात दर 10 मीटर खाली गेलं की दाब एका वातावरणाएवढा वाढतो. जमिनीवर एक, तर 10 मीटरवर दोन. समजा, विहिरीत उडी मारताना तुमच्या छातीत 4 लिटर हवा आहे. 10 मीटर खाली ती दबून 2 लिटर होते आणि वर आलात की पुन्हा 4 लिटर. हिशेब बरोबर, फुप्फुसाला त्रास नाही.

सिलिंडर लावल्यावर गणित बदलतं. तोंडातला रेग्युलेटर तुम्हाला त्या खोलीच्या दाबाचीच हवा देतो. म्हणजे 10 मीटरवर तुम्ही पूर्ण 4 लिटर हवा आत घेता. आता घाबरून दम धरलात आणि तसेच वर आलात, तर त्या हवेला 8 लिटर जागा लागेल. ती आणणार कुठून? फुप्फुस फाटू शकतं आणि हवेचे बुडबुडे रक्तातून थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतात. त्यासाठी फार खोल जावं लागत नाही. छाती भरलेली असताना एक-दीड मीटर वर येणंही इजा करायला पुरेसं आहे. म्हणून पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही. नाक मास्कमध्ये बंद असतं, तोंडाने संथ श्वास घेत-सोडत राहायचं. मास्कमध्ये पाणी शिरलं तरीही.

दुसरा प्रश्न कानाचा. खाली जाताना कानाच्या पडद्यावर दाब येतो. मास्कवरून नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकलायची. दुखायला लागण्याआधीच, दर तीन-चार फुटांवर. कान मोकळा होत नसेल तर जोर करू नका, थोडं वर या. एसी डब्यातून सर्दी घेऊन उतरला असाल तर स्कुबा सरळ रद्द करा. पैसे गेलेले परवडतात, कानाचा पडदा गेलेला नाही. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यांपैकी काही असेल तर ते फॉर्मवर लपवू नका. घरूनच डॉक्टरांना विचारून निघा.

आणि एक गंमत. पाण्याखाली अंगठा वर केला की त्याचा अर्थ ‘मस्त’ होत नाही, ‘मला वर न्या’ असा होतो. ‘ठीक आहे’ सांगायला अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा. कॅमेऱ्यासमोर सवयीने अंगठा दाखवणाऱ्यांची सफर लवकर संपते.

‘पोहता येत नसलं तरी चालेल’ अशा पाट्या दिसतात. पहिल्या, उथळ डाइव्हपुरतं ते खरं आहे, कारण प्रशिक्षक तुम्हाला धरूनच असतो. पण बोटीचं काय? 24 मे 2022 रोजी तारकर्लीला स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखाली काही बिघडलं नव्हतं. त्यामुळे लाइफ जॅकेट जाताना आणि येतानाही अंगावर हवं, बक्कल लावलेलं. बोट खचाखच भरली असेल तर पुढच्या फेरीला थांबा.

पैसे देण्याआधी विचारा: एका प्रशिक्षकाकडे किती जण? त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे का? आधी उथळ पाण्यात सराव देता का? बोटीवर ऑक्सिजन आहे का? उत्तर द्यायला कंटाळा करणाऱ्याकडे जाऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो.

ज्यांना खरंच शिकायचं आहे त्यांनी ‘ओपन वॉटर’ कोर्स करावा. तीन-चार दिवस लागतात, 200 मीटर पोहून आणि 10 मिनिटं तरंगून दाखवावं लागतं, मग 18 मीटरपर्यंत जाता येतं. तारकर्लीत एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. इथे विहिरीतला सराव मात्र नक्की कामाला येतो.

परतीचं तिकीट काढताना एवढं बघा: एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्ह केल्या असतील तर 18 तास विमानात बसू नये. घाटरस्ताही त्याच हिशेबात धरा. आंबोली सुमारे 700 मीटर उंचीवर आहे. डाइव्ह करून ती रात्र मालवणातच काढली तर बरं.